‘तो बघ’ म्हणायचं नाही

न्हाणीघरात तांब्या पडला.

थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस घरात झोपलेला असला की भर दुपारी जी शांतता पाळावी लागते, ती त्या दोन खोल्यांत सकाळपासून पाळली जात होती. टीव्ही बंद, बेलची वायर काढून ठेवलेली, कुकरसुद्धा शेजारच्या काकूंकडून लावून आणलेला. आणि त्या शांततेत स्टीलचा तांब्या फरशीवर आपटला, गोल गोल फिरत राहिला, थांबेचना.

दीपक अंथरुणातून धडपडत आला. न्हाणीघराला आतून कडी. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. आणि आतून उदबत्तीचा वास.

"गौतमी? काय चाललंय आत?"

"पप्पा, दार उघडू नका!" वेदिका आतून किंचाळली. "आकाश खराब होईल!"

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात रात्रभर पडद्यावरचे आकडे बघून आलेल्या दीपकला आधीच काही सुचत नव्हतं. न्हाणीघरात आकाश कुठून आलं, हे विचारायचं की परत जाऊन झोपायचं, याचा विचार करत तो दारापाशी उभा राहिला.

"एकच मिनिट हो," गौतमीचा दबका आवाज आला. "उल्का पडतेय."

कडी निघाली तेव्हा त्याला दिसलं ते असं: पाटावर तीन पायांचा स्टँड, स्टँडवर कॅमेरा, बंबाच्या आडोशाला डोक्यावर ओढणी घेतलेली बायको, आणि हातात पेटती उदबत्ती धरून उभी असलेली त्यांची सहा वर्षांची लेक. ती अंधारात उदबत्ती वरून खाली सर्रकन आणायची, तेवढ्या वेळात कॅमेरा डोळा उघडा ठेवून बसायचा. तांब्या मात्र वाटेत होता. अंधार झाला की वेदूला हाताजवळचं भांडंही दिसत नसे.

"बघा तरी," गौतमीनं कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. काळ्याकुट्ट अंधारात एक लाल, नाजूक रेघ. टोकाला थोडी जाड, मागे विरत गेलेली.

"पप्पा, सांगू सेटिंग?" वेदू म्हणाली. "खिडकी सताड, वीस सेकंद, डोळे बत्तीसशे!"

हे गौतमीनंच शिकवलेलं. कॅमेऱ्याला एक खिडकी असते, रात्री ती जेवढी उघडेल तेवढी उघडायची. ती किती वेळ उघडी ठेवायची, ते शटर. वीस सेकंद बास, त्याहून जास्त ठेवलं तर तारे सरकतात, त्यांचे ठिपके लांबट होतात. आणि आत बसून बघणाऱ्यानं डोळे किती ताणायचे, तो आयएसओ. फार ताणले तर फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं, म्हणून बत्तीसशेच्या वर जायचं नाही.

"छान," दीपक जांभई देत म्हणाला. "आता माझेपण डोळे मिटू द्या. खिडकी बंद, आठ तास."

गौतमी लग्नाआधी नाशिकरोडच्या एका स्टुडिओत होती. बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं. पाळण्यावर वाकलेल्या बायकांचे चेहरे एका चौकटीत बसवावेत ते तिनंच. पण बारशाला कुणी वीस सेकंद शटर उघडं ठेवत नाही. तेवढ्यात बाळ दोनदा रडून तिसऱ्यांदा हसतं. वेदू झाली आणि कॅमेरा कपाटावर गेला, तो सहा वर्षं तिथंच. आता तो खाली आला होता, आणि त्याला कारण होतं कोजागरीचं.

कोजागरीला कॉलनीच्या गच्चीवर आटीव दुधाचं पातेलं होतं, पोरांचा दंगा होता. मध्येच एक तारा तुटला. एवढ्या चांदण्यातही दिसावा असा टपोरा, निळसर. पोरं एकदम ओरडली, "तो बघ! तो बघ!" वेदूही ओरडली, "हो, हो, दिसला मला!" आणि तिनं बोट दाखवलं ते पाण्याच्या टाकीकडे.

"टाकीत पडला काय गं?" कुणीतरी म्हणालं. सगळी हसली. वेदूही थोडं हसली.

रात्री पांघरुणात शिरल्यावर ती म्हणाली, "मम्मी, तुटता तारा नसतोच. सगळे मिळून थापा मारतात. तूपण."

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच नीट समजावलं होतं. मुलीला दिवसा छान दिसेल, अभ्यासाला अडचण नाही, हे वाढणारही नाही. पण अंधारात मात्र कमीच दिसणार. गोळीनं, चष्म्यानं जाणारं हे नाही. गाजरानंही नाही, तरी सगळे नातेवाईक गाजरंच आणत. वेदूलाही हे माहीत होतं. पण आपल्याला दिसत नाही आणि इतरांना दिसतं, यापेक्षा इतर सगळे खोटारडे आहेत, हे तिला जास्त सोपं वाटलं असावं.

गौतमीला त्या ‘तूपण’नं झोप आली नाही. पहाटे केव्हातरी तिनं त्या झोपलेल्या पोरीला कबूल करून टाकलं: धरून आणते तुझ्यासाठी एक. मग रोज भांडी आवरली की मोबाईलवर वाचन सुरू. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीकडून उल्का येतात, वर्षातल्या सगळ्यांत भरघोस, आणि रात्री नऊ-दहापासूनच दिसू लागतात. यंदा चंद्रही लवकर मावळणार होता. राहिला प्रश्न आकाशाचा. वीज केंद्राच्या दिव्यांनी एकलहऱ्याचं आकाश रात्रभर संत्र्याच्या सालीसारखं असायचं. तिथले तारे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. म्हणून जायचं ठरलं सिन्नरच्या पलीकडे, सासरच्या मळ्यावर.

दीपकला ड्युटी होती. तो दोघींना एसटीत बसवायला आला.

"तुमच्या दिव्यांपायी आम्हाला गाव सोडावं लागतंय," गौतमी खिडकीतून म्हणाली.

"मी बंद करतो दिवे. मग सिन्नरलाही अंधार होईल."

"होऊ द्या की एक रात्र!"

"नोकरी जाईल गं," दीपक म्हणाला, आणि बस हलली तरी हसत राहिला.

*

मळ्यावर पोचेपर्यंत दिवस मावळला. पुंजानाना, म्हणजे गौतमीचे सासरे, फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभेच होते. वाटेत ते गालातल्या गालात हसत होते. "वेदे, तुला एक गंमत हाय घरी," एवढंच म्हणाले.

अंगणात गाडी थांबली, तेव्हा अंधार दाटला होता. वेदूनं सवयीप्रमाणे आईचा पदर घट्ट धरला. नानांनी ओट्यावर जाऊन भिंतीवरचं बटण खटकन दाबलं.

अंगणाच्या मधोमध नवा खांब. खांबावर भलामोठा एलईडीचा दिवा; नाना त्याला हॅलोजनच म्हणत. सगळं अंगण, गोठा, गवताची गंजी, कांद्याच्या पहिल्या चार सऱ्या, सगळं पांढरंफटक उजळलं. गोठ्यातली गाय दचकून उभी राहिली.

"वेदूसाठी!" नाना म्हणाले. "मागल्या टायमाला दगडाला ठेचकाळली ना माझी बाय. म्हनलं, आता नातीला रात्रीचं बी दिसलं पायजे. सगळ्या शिवारात एवढा उजेड कुनाकडं नाय."

"आठ दिस झालं, खांबाशिवाय दुसरा विषय नाय," आत्याबाई दारातून म्हणाल्या. या मालनबाई, गौतमीच्या सासूबाई. "त्या कोंबड्यास्नी कळंना दिवस हाय का रात. मधल्या रातीलाच आरवत्यात."

वेदूनं पदर सोडला. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग ती धावली. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गंजीला वळसा, खांबाला वळसा, परत. दिवस बुडाल्यावर आपलं पोर धावताना गौतमीनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी होती, आणि त्या दिव्याखाली उल्का सोडा, शुक्रसुद्धा दिसला नसता. पण ‘दिवा बंद करा’ म्हणायचं? कुठल्या तोंडानं बोलणार?

जेवणं झाली. वेदू अजून धावतच होती. गौतमी स्टँड घेऊन गोठ्यामागे गेली. हात सवयीनं फ्लॅशच्या बटणावर गेला, लख्ख उजेड पडला, आणि पहिला फोटो आला तो खिडकीतून डोकावणाऱ्या गाईचा, अगदी बारशाला बोलावल्यासारख्या चेहऱ्याचा. गौतमी एकटीच हसली. मग फ्लॅश बंद, खिडकी सताड, वीस सेकंद, बत्तीसशे. फोटो आला दुधासारखा. पुन्हा काढला. पुन्हा दूध.

"मम्मी!" वेदू धापा टाकत आली. "मिळाला?"

"अजून नाही गं."

"दाखव." तिनं पडदा पाहिला, भुवया आकसल्या. "खिडकी जास्त उघडली का?"

"नाही."

"डोळे जास्त ताणले?"

"नाही, बाळा." वेदूनं पडद्यावरच्या पांढऱ्याकडे पाहिलं, मग वळून खांबाकडे पाहिलं. न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल तिनंच तर कोंबला होता.

बराच वेळ ती चपलेनं माती उकरत राहिली.

"बंद करायचा ना तो?"

"तुला नको असेल तर नाही करायचा. फोटो पुढच्या वर्षी काढू."

वेदूनं विचार केला. नंतर अंगणात जाऊन खाटेवर उभी राहिली आणि नाना-आजीला हुकूम सोडला. "दिवा बंद करायचा. पण सगळ्यांनी या खाटेवर बसायचं. माझा हात धरायचा. आणि कुणीपण ‘तो बघ’ म्हणायचं नाही."

"आनि दिसला तर?" नानांनी विचारलं.

"दिसला तर गप बसायचं."

"एवढ्या थंडीत अंधारात बसायचं, वर बघायचं, आनि बोलायचं बी नाय?" आत्याबाई म्हणाल्या. "हे कुठलं खूळ गं बाई?" पण बोलता बोलता त्या गोधड्या आणायला उठल्याही होत्या.

नाना मात्र दिव्याच्या बटणापाशी थांबले होते. आठ दिवस मिरवलेला दिवा. गौतमीला वाटलं, आता ते रुसणार.

"वेदे, परत लावू ना मग?"

"उद्या लगेच. उद्या आपण लंगडी खेळू दिव्यात. तुम्हीपण."

"मंग ठीक हाय," नाना म्हणाले, आणि अंधार झाला.

*

अंधार आधी नुसता काळा होता. मग हळूहळू गौतमीच्या डोळ्यांना सवय झाली आणि आकाश खाली आल्यासारखं झालं. वेदूला यातलं काही दिसत नव्हतं. ती दोन गोधड्यांच्या मध्ये, एक हात नानांच्या, एक आजीच्या हातात देऊन, मान ताठ करून बसली होती.

गौतमीनं बॅटरीवर लाल खणाचा तुकडा बांधला होता, उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून. "वेदू, तुझं काम आलंय. तारा बारीक करायचा."

व्याधाचा तारा पूर्वेला वर आला होता. गौतमीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करून घेतला आणि फोकसची रिंग हळूच फिरवू लागली. पडद्याला उजेड होता. तिथं वेदूची नजर कुणाहूनही तीक्ष्ण.

"लाडूएवढा आहे," वेदूनं सांगितलं. "आता साबुदाणा. आता मोहरी… खसखस! थांब! नको ना, गेला, परत साबुदाणा झाला!"

"मागे घेऊ?"

"थोडंस्सं. हां. खसखस. हात काढ."

गौतमीनं रिंगवर चिकटपट्टी लावली. कॅमेरा मृगाच्या बाजूला, आकाशाच्या काळ्या तुकड्याकडे वळवला, आणि वायरीच्या टोकाचं बटण वेदूच्या हातात दिलं. वेदूनं दाबलं. टक्. मग ती मोठ्यानं आकडे म्हणू लागली, विसाला पुन्हा टक्.

तेवढ्यात पहिली उल्का गेली. डोक्यावरून, सरळ, पांढरी.

"अगं बया—" नाना म्हणाले, आणि दातांनी ओठ दाबला.

"काय झालं नाना?"

"डास. डास चावला."

थोड्या वेळानं आत्याबाईंचं अंग खाटेवर एकदम ताठ झालं. मग गौतमीलाच एक दिसली, पिवळसर, सावकाश गेलेली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. पुन्हा नाना, "हुश्श! लय डास झालेत औंदा." वर उल्कांचा सपाटा चाललेला, आणि खाली तीन मोठी माणसं घसा खाकरत, चुळबुळत, एकमेकांना कोपरानं ढोसत, शाळेत मागच्या बाकावर बसल्यासारखी.

"नाना," वेदू शांतपणे म्हणाली, "थंडीत डास नसतात."

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय, बाय," नाना म्हणाले. "लय दिसतंय. खोटं कशाला बोलू?"

वेदू म्हणाली, "तुम्ही डास म्हटलं की माझा हात दाबता. आजीपण दाबते. दोघं एकदम." आणि तिनं दोन्ही हात गोधडीतून बाहेर काढून पुन्हा नीट त्यांच्या हातात दिले. "दाबा. पण जोरात नको."

मग तेच सुरू झालं. बटण दाबून झालं की वेदूचा हात लगेच परत त्यांच्या हातात. हात दाबला की वेदू म्हणायची, "हा मोठा होता का?" आणि नाना सांगायचे, "हा आपल्या गंजीवरनं गेला," "हा पार डोंगरापल्याड." ‘तो बघ’ मात्र कुणी म्हणालं नाही.

फोटोत मात्र काहीच येत नव्हतं. उल्का उजवीकडे गेली की कॅमेरा डावीकडे बघत असायचा. आणि मग फोटोच धुरकट येऊ लागले. गौतमीनं लेन्सवर लाल बॅटरी धरली. दव. शेजारच्या वाफ्यांना दुपारीच पाणी दिलेलं. सगळी ओल काचेवर येऊन बसली होती. पुसलं की पुन्हा. पुसलं की पुन्हा. तिचा हात थांबला. एवढं केलं, आणि आता काच घामेजते.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कॅमेरा गारठला, आत्याबाई."

"मंग शेकायचा," आत्याबाई म्हणाल्या, जणू पोरच गारठलंय. वेदूच्या छातीसाठी ओव्याची पुरचुंडी त्यांनी चुलीच्या वैलावर गरम करून ठेवलीच होती. ती आणली. गौतमीनं वेदूचा एक लोकरीचा मोजा काढून घेतला, त्यात ओवा ओतला, आणि तो उबदार मोजा लेन्सच्या मानेभोवती मफलरसारखा बांधला. काच हळूहळू स्वच्छ झाली. सगळ्या अंगणाला ओव्याचा वास सुटला.

"दाब, वेदू."

टक्.

"एक, दोन, तीन…"

"आनि पोरीचा पाय तसाच उघडा!" आत्याबाई कडाडल्या. "कॅमेऱ्याला मोजा, आनि लेकराला नाय! अवो, बघत काय बसलात, माझी शाल द्या इकडं!" नाना शाल शोधू लागले, गौतमी गोधडी ओढू लागली, तिघंही वेदूच्या एका पायावर वाकली. वेदू मात्र आकडे चुकली नाही. "…अठरा, एकोणीस, वीस." टक्.

पडदा उजळला. तिघं अजून पायाशीच होती.

"तो बघ!"

वेदूच ओरडली. खाटेवर उभी राहिली, शाल खाली पडली. "तो बघ! मम्मी, तो बघ! नाना! आजी, तो बघ ना!"

पडद्यावर, मृगाच्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत, एक लांब रेघ होती. सुरुवातीला हिरवट, पुढे जाऊन पांढरी, शेवटी जाड होऊन फुटलेली. न्हाणीघरातल्या उदबत्तीपेक्षा कितीतरी सरळ.

"हा केव्हा गेला?" नाना म्हणाले. "मला नाय दिसला."

"मला बी नाय," आत्याबाई.

"मी तर तुझा पाय झाकत होते," गौतमी म्हणाली.

"म्हणजे फक्त मला दिसला?" वेदूनं तिघांकडे पाहिलं, पडद्याच्या उजेडात तिचे दात चमकले. "तुम्ही सगळे टाकीकडे बघत होतात!" आणि ती इतकी हसली की खाट करकरली. गौतमीला हसू आवरेना, रडूही आवरेना, तिनं दोन्ही करून घेतलं. नानांनी दोनदा विचारलं की हा फोटो मोठा करून घरात लावता येईल का, आणि लावलाच तर हॅलोजनच्या उजेडात चांगला दिसेल का.

नंतर नाना आणि आजी चूल पेटवून चहा टाकायला आत गेले. वेदू आईच्या मांडीत येऊन बसली. कॅमेऱ्याला ओव्याचा मोजा, तिच्या पायाला आजीची शाल. ती बटण दाबून फोटो मोठा करत होती, रेघेच्या आजूबाजूला फिरत होती. तिथं तारे होते. सांडलेल्या खसखशीसारखे, दाट, एकावर एक.

"मम्मी, हे पण आत्ता वर आहेत?"

"आहेत ना."

"तुला दिसतात?"

गौतमीनं मान वर केली. आकाश भरलेलं होतं. पण पडद्यावर दोन ताऱ्यांच्या मध्ये जिथं शंभर होते, तिथं वर तिला नुसतं काळं दिसत होतं. "सगळे नाही गं. मोठे मोठे तेवढे."

"आजीला?"

"आजीला तर व्याधसुद्धा दोन दिसतात," आत्याबाईंनी आतून ऐकवलं.

"नानांना?"

"नानांनाही नसतील दिसत."

"पप्पांना?"

"कुणालाच नाही, वेदू. एवढे बारीक कुणालाच दिसत नाहीत."

वेदूनं पडद्याच्या उजेडात आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, जणू तो पहिल्यांदाच बघत होती. मग मांडीत आणखी मागे सरकली, डोकं तिच्या हनुवटीखाली घातलं, आणि तिला न दिसणाऱ्या त्या आकाशाकडे तोंड करून म्हणाली,

"मग कुणालाच दिसत नाहीत तर ते रोज रोज कशाला उगवतात?"